हळू चालणारी अमेरिकन पेटी

रज्जाकभाई, आपल्यात पहिलं वाक्य नेहमी तुमचं असायचं. रेकॉर्डची दुसरी बाजू संपली, सुई उचलली, की आधी तुम्ही एक वाक्य बोलायचं, मग मी एक. एकच. बाकीची बडबड चहाबरोबर. अकरा वर्षं हा नियम आपण पाळला, म्हणजे तुम्ही पाळलात आणि मी जमेल तसा मोडला. आज पहिलं वाक्य माझ्यावर येऊन पडलंय. तुम्ही गेल्याचा चाळिसावा होऊन चार दिवस झाले. मी सुप्याच्या माझ्या खोलीत तुमची अमेरिकन पेटी समोर घेऊन बसलोय आणि अजून तिचं झाकण उघडलेलं नाही.

का उघडत नाही ते तुम्हाला माहीत आहे. आपल्या शेवटच्या रविवारी ते झाकण तुम्ही बंद केलंत, आणि ते माझ्यामुळे. त्याबद्दल बोलायचं राहून गेलं. आजही मला सरळ मुद्द्यावर येता येत नाहीये. तुम्ही म्हणायचात, 'निवृत्तीशेठ, तुमची गाडी अकोल्याला जायची असली तरी आधी पाथर्डी फिरून येते.' कंपनीत लेथ चालवणाऱ्या माणसाला शेठ म्हणणारे जगात तुम्ही एकटेच. तर आधी पाथर्डी.

मी पहिल्यांदा तुमच्या दुकानात आलो तो वडिलांचा ट्रान्झिस्टर घेऊन. वडील जाऊन महिना झाला होता. भंडारदऱ्याच्या बाजूच्या आमच्या वाडीतून मी ती एकच वस्तू उचलून आणली होती, आणि ती मुकी होती. कुणीतरी सांगितलं, नगरला जुन्या बाजाराच्या बोळात रज्जाकभाई बसतात, मेलेला रेडिओ बोलता करतात. तुम्ही कागदाचा एक कपटा पुढे ओढलात आणि विचारलंत, 'नाव?' मी सांगितलं. 'काय तक्रार हाय?' मी म्हणालो, 'वडील गेले.'

मला तसं म्हणायचं नव्हतं. आवाज येत नाही, असंच म्हणायचं होतं. दुसरा कुणी असता तर हसला असता, नाहीतर अरेरे म्हणाला असता. तुम्ही मान खाली घालून लिहीत राहिलात आणि चिठ्ठी दोऱ्याने ट्रान्झिस्टरच्या कडीला बांधलीत. दुकानातल्या प्रत्येक वस्तूला तशी चिठ्ठी असायची, तीन ओळींची. पहिल्या ओळीत नाव, दुसरीत तक्रार, तिसरीत काय करायचं ते. पहिल्या दोन ओळी गिऱ्हाइकाने सांगायच्या. तिसरी फक्त तुमची. कुणी शहाणपणा करून 'कॉइल गेली असेल, बदलून टाका' म्हणालं, तर तुम्ही पेन खाली ठेवायचात. 'तक्रार तुमची, इलाज माझा,' असं वर ऐकवायचात. माझी चिठ्ठी अजून त्या ट्रान्झिस्टरला आहे. निवृत्ती, सुपा. आवाज येत नाही. आणि तिसऱ्या ओळीत, 'आधी चहा.'

चहा यायला वेळ होता. आत देशी प्लेयरवर एक रेकॉर्ड लागली होती, कुणीतरी सारंगी वाजवत होतं. मी काहीतरी बोलायला गेलो तर तुम्ही बोट ओठांवर ठेवलंत. मी गप्प बसलो. बाजू संपली, तुम्ही उलटी केलीत, पुन्हा गप्प बसलो. संपल्यावर तुम्ही विचारलंत, 'कसं वाटलं?' मी खरं ते सांगितलं, 'झोप आली.' मला वाटलं तुम्ही रागवाल. तर म्हणालात, 'कधीपासनं झोपला न्हाई?' मी म्हणालो, महिना झाला. 'मग लई चांगलं वाजवलं म्हणायचं त्यानं,' असं म्हणून तुम्ही कपबशी माझ्याकडे सरकवलीत.

तेव्हापासून रविवार तुमचा झाला. सकाळी सुप्याहून एसटी धरायची, दहाला बोळात, आणि दुपारी जोहरची अजान झाली की तुम्ही मशिदीत, मी स्टँडवर. रविवारी एक रेकॉर्ड. दोन्ही बाजू, पहिल्यापासून, मधे सुई उचलायची नाही, उठायचं नाही, बोलायचं नाही. आवडलेलं गाणं पुन्हा लावा म्हणालो तर लावायचा नाहीत. 'एका माणसानं एक म्हणणं दोन बाजूंत मांडलंय. आधी त्याचं पुरतं ऐकून घ्या. तुमाला घरात कुणी मधे तोडलं तर आवडंल का?' घरात मला सगळेच मधे तोडतात, असं मी सांगितलं, तर म्हणालात, 'म्हणून तर इथं येता.'

किती प्रकारचं ऐकलं आपण. कव्वालीची मोठी रेकॉर्ड लावलीत तेव्हा मला वाटलं, आता रज्जाकभाईंच्या घरचंच आलं, आता डोळे मिटून डोलतील. तुम्ही दोन्ही बाजू ताठ बसून ऐकलीत आणि म्हणालात, 'गाणारा देवाला बोलावतोय आणि मागचे टाळ्या वाजवून त्याला उठू देत न्हाईत.' मी त्या दिवशी स्वतःच डोलत होतो. आणि भजनांची रेकॉर्ड लावली तेव्हा उलट झालं. तुमचे ओठ हलताना पाहून मी विचारलं, तुम्हाला हे पाठ कसं? तर म्हणे तालुक्याच्या कितीतरी गावांत सप्ताहाला तुमचेच कर्णे असायचे. सात दिवस अॅम्प्लिफायरपाशी बसून वायर राखायची तर दुसरं करणार काय. त्यातल्या एका गायकाने एक ओळ खाल्ली होती, ती तुमच्या लक्षात आली, माझ्या नाही. वारकऱ्याच्या घरचा मी, आणि मला रज्जाकभाई सांगतायत की मधली ओळ गेली.

लावण्यांची रेकॉर्ड मात्र तुम्हाला झेपली नाही. पहिल्याच लावणीला आवाज निम्मा केलात आणि जिन्याकडे बघत राहिलात. वर भाभींचं स्वयंपाकघर. बाजू संपायच्या आत भाभी वरूनच म्हणाल्या, 'आवाज वाढवा की, मला नीट ऐकू येत न्हाई.' तुमचे कान लाल झालेले मी पहिल्यांदा पाहिले. त्या रविवारी तुमचं वाक्य आलंच नाही. मी नियमाप्रमाणे थांबून राहिलो आणि शेवटी भाभींनीच वरून सांगितलं, ढोलकीवाला चांगला होता.

मग ती अमेरिकन पेटी आली. नगरमधल्या कुठल्याशा जुन्या बंगल्यातलं सामान निघालं, त्यात हा लाकडी खोक्याचा प्लेयर आणि सात-आठ विलायती रेकॉर्डी. वेष्टनं वाळवीने खाल्लेली, मधले कागदही गेलेले. कोण गातंय, कोण वाजवतंय, काही कळायला मार्ग नव्हता. तुम्ही पेटी उघडलीत, ट्रान्सफॉर्मर जोडलात, आतलं पुसून काढलंत, आणि सांगितलंत, 'या पेटीच्या रेकॉर्डी हिच्यावरच ऐकायच्या. जिचं तिला.' मला तो तुमचा हट्ट वाटला. तुमचे हट्ट बरेच होते, त्यात आणखी एक.

त्याच आठवड्यात तुम्ही मला एक काम दिलंत. कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलीने आकृती काढलेली, एक छोटा पितळी बुश, पोकळ नळीसारखा, करंगळीच्या टोकाएवढा. 'केसाएवढाबी फरक नको, शेठ. तुमच्या कारागिरीची परीक्षा हाय.' मी फुशारलो. जेवणाच्या सुट्टीत लेथवर पितळ चढवलं, दोन बुश बाद केले, तिसरा जमला. कशासाठी हवाय ते विचारलंच नाही. माझी अक्कल मापापुरती, हे तुम्हाला ठाऊक होतंच.

तो बुश तयार व्हायच्या आधी एक रविवार मधे आला. त्या रविवारी पेटीवर तुम्ही ती रेकॉर्ड लावलीत.

तंतुवाद्य, मागे काहीतरी ढोलकासारखं, आणि मग एका माणसाचा आवाज. खर्जातला, संथ, प्रत्येक शब्द पायाखालचा चिखल चाचपत टाकल्यासारखा. भाषा कुठली देव जाणे. पण मला खोलीत बसवेना. आवणीच्या दिवसांत गुडघाभर पाण्यात वाकून भाताची रोपं लावताना माझे वडील गायचे ते असंच. मोठ्याने नाही, कुणाला ऐकवायला नाही, हाताच्या वेगाने. त्यांच्या मागून बायका हसायच्या, 'आबा, जरा पळू द्या की गाणं, आवणी सरायची न्हाई.' आबा म्हणायचे, 'रोप घाईत लावलं तर उभं ऱ्हातंय व्हय?'

ते गेले तेव्हा मी पहिल्या शिफ्टला होतो. मोबाईल लॉकरमध्ये. तीनला काढला तेव्हा गावाकडचे अकरा फोन येऊन गेलेले. सुप्याहून नगर, नगरहून संगमनेर, संगमनेरहून अकोले, पुढे जीप. मी पोचलो तेव्हा सगळे माझ्यासाठी थांबून कंटाळले होते. त्यांचा चेहरा पाहायला मिळाला, आवाज नाही. ही गोष्ट मी घरी कुणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी तुमच्यासमोर सांगितली, दुसरी बाजू चालू असताना, नियम मोडून, तुमच्या टॉवेलने नाक पुसत. तुम्ही सुई उचलली नाहीत, मला गप्प केलं नाहीत. रेकॉर्ड संपल्यावर तुमचं वाक्य आलं, 'आवाज चांगला होता तुमच्या वडिलांचा.'

पुढच्या रविवारी मी बुश घेऊन आलो. तुम्ही चष्मा लावून तो उजेडात फिरवलात, नखाने कड तपासलीत, 'एक नंबर' म्हणालात आणि खणात टाकलात. बसवायचा कशात, असं मी विचारलं. 'एका गिऱ्हाइकाचं काम हाय. घाई न्हाई,' म्हणालात. मी विसरून गेलो.

त्या गाणाऱ्याला आपण काका म्हणू लागलो. नावच माहीत नव्हतं. बाकीच्या विलायती रेकॉर्डीही होत्याच. तो भोंगेवाला आठवतो? मी म्हणालो होतो, हा माणूस भांडतोय. तुम्ही म्हणालात, भांडत न्हाई, समजावतोय. त्यावर आपली किती वर्षं वादावादी चालली. साठ-सत्तर वाद्यांचा तो मोठा ताफा ऐकून मी म्हणालो, एवढी माणसं एकदम थांबतात कशी, आमच्या खात्यात सहा जण एका वेळी जेवायला बसत नाहीत. आणि त्या गिटारवाल्यांनी असा दणका उडवला की भाभी खाली धावत आल्या, कपाट पडलं समजून. पण वर्षातून दोनदा, माझ्या वडिलांच्या तिथीच्या जवळ आणि आवणीच्या दिवसांत, तुम्ही काही न बोलता काकांची रेकॉर्ड काढून ठेवायचात. मी कधी मागितली नाही. तुम्ही कधी विचारलं नाही.

आता मुद्दा आला, रज्जाकभाई. पाथर्डी फिरून झाली.

या दिवाळीत मी गावी गेलो होतो. धरणाच्या काठाने आता तंबूच तंबू झालेत, पुण्या-मुंबईची पोरं येऊन राहतात. संध्याकाळी चहाच्या टपरीशी उभा होतो आणि एका तंबूतल्या स्पीकरवरून ती चाल आली. आपल्या काकांची चाल. पण पळत, नाचत, आणि गाणारी बाई. मी त्या तंबूपर्यंत चालत गेलो. तिथल्या मुलीला विचारलं. ती ती भाषा शिकलेली होती, हसून म्हणाली, 'काका, जुनं गाणं आहे, फेमस आहे. बाई नवऱ्याची थट्टा करतेय. तो भर बाजारात झोपला, कोंबड्या सुटून गेल्या, आता घरी काय सांगू म्हणते.'

मला आधी हसू आलं. कोंबड्या. आपण दहा वर्षं कोंबड्यांवर डोळे पुसत होतो. आणि मग माझ्यातला लेथवाला जागा झाला. बाईचा आवाज पुरुषाचा व्हायचा तर पेटी हळू चालत असली पाहिजे. म्हणजे रज्जाकभाईंना कळलंच नाही. खरं सांगतो, मला आनंद झाला. अकरा वर्षांत पहिल्यांदा तुमची चूक मला सापडली होती.

रविवारपर्यंत कसाबसा धीर धरला. दुकानात पाय टाकला तेव्हा दोन गिऱ्हाइकं बसलेली, तुमची लेक नसीम तिच्या मोबाईल दुरुस्तीच्या टेबलाशी, भाभी चहा घेऊन जिन्यात. मी सगळ्यांसमोर मोबाईलवर ते गाणं लावलं. 'ऐका. तुमचे काका काकू निघाले.' दोन्ही गिऱ्हाइकं हसली. मी आणखी चढलो. 'जन्मभर दुनियेची यंत्रं दुरुस्त केली, आणि स्वतःची पेटी हळू चालतीय ते कळलं न्हाई? कसले मेकॅनिक तुम्ही?'

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग मोबाईलकडे. आणि म्हणालात, 'न्हाई कळलं, शेठ. वय झालं.'

मी म्हणालो, मग आता दुरुस्त करा, एकदा खऱ्या वेगाने ऐकू. तुम्ही म्हणालात, 'करू की. बघू.' उठलात, पेटीचं झाकण लावलंत, वर फडकं टाकलंत. त्या दिवशी आपण रेकॉर्ड ऐकली नाही. चहा झाला, इकडचं तिकडचं बोललो. निघताना तुम्ही बोळाच्या तोंडापर्यंत आलात. कधी यायचा नाहीत. 'पुढच्या रविवारी या,' म्हणालात.

मी आलो नाही. रागावलो होतो असं नाही. एक रविवार ओव्हरटाइम होता. दुसऱ्या रविवारी खोलीवर पडून मोबाईलवर त्या बाईचं गाणं चार वेळा ऐकलं आणि स्वतःला पटवत राहिलो की हे जास्त चांगलं आहे. चांगलंच आहे ते. गुणी बाई आहे, तिच्या गाण्यात चोख खट्याळपणा आहे. फक्त तिच्यात माझे वडील नव्हते. ते मीच घालवले होते आणि त्याचा राग कुणावर काढायचा ते समजत नव्हतं. तुम्ही फोन केलात, 'रविवारी येताय ना?' मी म्हणालो, 'येतो की, पुढच्या.' त्या शुक्रवारी दुपारी नसीमचा फोन आला. या वेळी मोबाईल माझ्या खिशातच होता.

तुमच्या मयतीला मी वेळेवर पोचलो. माती द्यायला भाभींच्या भावाने मला पुढे केलं. लोक हळू आवाजात बोलत होते, रज्जाकभाईंचा हात कसा होता, कान कसा होता. एक म्हणाला, पंखा कुठल्या बेअरिंगला घासतोय ते चालत्या पंख्याखाली उभं राहून सांगायचे. मला तिथे उभं राहवेना. ज्या माणसाला पंख्याचं बेअरिंग ऐकू येतं, त्याला पेटी हळू चालते ते कळलं नाही? हा प्रश्न मला तेव्हा पडला, कबरस्तानात. दुकानात, हसणाऱ्या गिऱ्हाइकांसमोर पडायला हवा होता.

चाळिसाव्याचं जेवण झाल्यावर नसीमने मला खाली दुकानात नेलं. 'चाचा, ही पेटी तुम्ही घेऊन जा. अम्मी म्हणते, तुमचीच हाय.' आणि माझ्या हातावर सुपारीची एक डबी ठेवली. 'हे खणात सापडलं. तुमचं नाव हाय वर.'

डबीत माझा पितळी बुश होता. एवढ्या वर्षांत जरा काळवंडलेला, पण कड तशीच. मी तो ओळखला, आपल्या हातचं काम माणूस विसरत नाही. कशाचा आहे ते मात्र नसीमला विचारावं लागलं. तिने पेटीची मोटर दाखवली. तिकडची वीज वेगळी, तिकडची मोटर आपल्याकडे हळूच फिरते, मोटरच्या दांड्यावर असा बुश चढवला की वेग बरोबर होतो. 'साधी गोष्ट हाय, चाचा. अब्बांना पहिल्याच दिवशी कळलं असणार.' मग ती म्हणाली, 'बसवून देऊ? दोन मिनिटांचं काम हाय.'

बुशाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली होती. नेहमीची, तीन ओळींची, तुमच्या ठसठशीत अक्षरातली.

अमेरिकन पेटी.
हळू चालते.
बसवायचा नाही. निवृत्तीशेठचे वडील गातात.

मी ती किती वेळा वाचली ते नसीमला विचारा. ती टेबलाशी मान खाली घालून काम करत राहिली. तिला तुमचं वळण आहे.

म्हणजे माप तुमचं, बुश माझ्या हातचा, आणि दहा वर्षं खणात. माझ्यासाठी तुम्ही सगळ्या विलायती रेकॉर्डी चुकीच्या वेगाने ऐकल्यात. तुमच्या कानाला ते किती टोचत असेल, हे मला आता सुचतंय. त्या मोठ्या ताफ्यातली सगळी वाद्यं उतरलेली ऐकलीत, आणि मी म्हणतोय वा वा. तो भोंगेवाला तर खऱ्या वेगात नक्की भांडत असणार. म्हणजे मी बरोबर होतो, आणि ते तुम्हाला माहीत होतं, आणि तरी तुम्ही समजावतोय, समजावतोय करत माझ्याशी वाद घातलात. या एका गोष्टीसाठी मी तुम्हाला सोडणार नाही.

पण ते तुमचं वाक्य, रज्जाकभाई. न्हाई कळलं, शेठ, वय झालं. तुम्ही खण उघडून डबी माझ्यासमोर टाकली असती तर मी तिथल्या तिथे जमिनीत गेलो असतो. ती गिऱ्हाइकं तुम्हाला हसली, तुमच्या दुकानात, तुमच्या लेकीसमोर, आणि तुम्ही त्यांना हसू दिलंत. का, ते मी इतके दिवस विचार करतोय. मला वाटतं, चिठ्ठी दाखवली असती तर मला कळलं असतं की तो आवाज वडिलांचा नव्हता, तो तुम्ही माझ्यासाठी ठेवलेला होता. आणि तुम्हाला तो मला पुरा द्यायचा होता. मला काही कळू न देता. तुम्ही कसले मेकॅनिक, असं मी विचारलं होतं ना? आता माझ्यापाशी उत्तर आहे, आणि ऐकायला तुम्ही नाही, एवढंच.

नसीमला मी सांगितलं, बुश नको बसवू. ती म्हणाली, 'मला वाटलंच.' पेटी तिनेच गोधडीत बांधून दिली. एसटीत मांडीवर घेऊन आलो. कंडक्टरने विचारलं, काय आहे? मी म्हणालो, वडिलांची आहे. आधी ट्रान्झिस्टरच्या वेळी तोंडातून भलतंच निघालं होतं. या वेळी मी विचार करून बोललो.

तर आत्ता झाकण उघडलं, भाई. एवढं बोलून झाल्यावर धीर आला. रेकॉर्ड लावली. दोन्ही बाजू ऐकल्या, उठलो नाही, बोललो नाही. मला भीती होती की आता त्या कोंबड्याच ऐकू येतील. पहिल्या कडव्याला आल्याही. मग तो आवाज खाली गेला, संथ झाला, आणि आबा चिखलात उतरले. त्यांच्या बांधावर आज आणखी कुणीतरी बसलं होतं, बोट ओठांवर ठेवून. सुई उचलली. तुमच्या वाक्यासाठी थांबलो, बराच वेळ थांबलो, नियमाप्रमाणे.

मग कागदाचा एक कपटा घेतला आणि लिहिलं. निवृत्ती, सुपा. त्याखाली लिहिलं, तोंड आधी चालतं. चिठ्ठी दोऱ्याने पेटीच्या कडीला बांधली. तिसरी ओळ कोरी ठेवली आहे, ती कधीच माझी नव्हती. पण तुम्ही तिथे काय लिहिलं असतंत, एवढा अंदाज मला अकरा वर्षांत आलेला आहे. म्हणून उठलो आणि चहाचं आधण ठेवलं.